दारू सोडायचीय आणि एए ची मीटिंग शोधताय? मग हे वाचून घ्या

मीटिंग शोधायला गुगल उघडलं की पहिल्या पानावर काय येतं, तर सात दिवसात दारू बंद, न सांगता दारू सोडवा, पेशंटला घरून घेऊन जाऊ, एसी रूम. आणि जिथे एक रुपया लागत नाही ती एए ची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे पिणाऱ्यांनीच एकमेकांना मदत करायला चालवलेले ग्रुप) मीटिंग खाली कुठेतरी दडलेली असते. मी स्वतः पिणारा, आता पीत नाही, मीटिंगला जातो. एवढी ओळख बास, नाव-गाव लिहिणार नाही, आमच्यात तशी पद्धतच नाही. आमच्या ग्रुपचा फोन बराच काळ माझ्याकडे होता त्यामुळे नवीन माणूस नेमका कुठे अडकतो ते ऐकून ऐकून पाठ झालंय. बहुतेकांचं घोडं पत्त्यावर अडत नाही. पत्ता मिळतो, पण एकट्याने जायचं धाडस होत नाही, किंवा जातात आणि दाराला कुलूप बघून परत येतात ते कायमचेच. म्हणून आख्ख्या लेखात माझं सांगणं एकच आहे, पत्ता शोधत बसू नका, त्या ग्रुपातला एक माणूस शोधा, तो तुम्हाला आत नेईल.

१. आधी डॉक्टर, मग मीटिंग

हे पहिल्या नंबरला मुद्दाम घेतलंय. गटारी दणक्यात झाली, दुसऱ्या दिवसापासून श्रावण, आणि रोज हाफ मारणारा माणूस एकदम कोरडा. घरचे खूश. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात बंद केली तर शरीर उलटतं. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासातच हात थरथरायला लागतात, घाम, उलट्या, झोप नाही. पहिल्या ४८ तासात फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास व्हायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, माणूस घरच्यांना ओळखत नाही. यात जीव जाऊ शकतो, आणि लोक समजतात बाहेरचं काहीतरी झालंय म्हणून अंगारे-धुपारे करत बसतात.

तेव्हा रोजची पिणारी केस असेल, सकाळी उठल्या उठल्या लागत असेल, आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय बंद करू नका. सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभागाची ओपीडी असते, तिथे केसपेपर काढा, किती पितो ते खरं सांगा (निम्मं करून सांगू नका, गोळ्यांचा डोस त्यावर ठरतो). काही दिवसांच्या उतरत्या डोसच्या गोळ्या आणि बी-१ व्हिटॅमिन बहुतेक वेळा देतात. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणून स्वतःच डॉक्टर होऊ नका. फिट आली किंवा भास सुरू झाले तर सरळ १०८.

मीटिंगमध्ये कुणीही डॉक्टर म्हणून बसलेलं नसतं. तिथे औषध मिळत नाही, आणि कुणी तुमच्या चालू गोळ्या बंद करायला सांगितल्या तर ऐकायचं नाही, तो एए चा सल्ला नाही.

२. तुम्हाला नक्की काय हवंय

फोनवर अर्धे लोक विचारायचे, ॲडमिट किती दिवस करता? म्हणून फरक सांगतो.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात एक शेअरबाजारवाला आणि एक सर्जन, दोघंही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलून बोलून पिण्यापासून लांब राहिले, तिथून हे सुरू झालं. भारतात १९५७ पासून आहे. पिणारेच पिणाऱ्यांना मदत करतात, ॲडमिशन नाही, फी नाही, रजिस्टर नाही. सभासद व्हायला एकच अट, दारू थांबवायची इच्छा.

व्यसनमुक्ती केंद्र वेगळं. तिथे राहावं लागतं. पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण सगळ्यांना माहिती असतं, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन. मुक्तांगणचे फॉलोअप गट वेगवेगळ्या शहरात चालतात, आधी तिथे राहून आलेला असेल तर केंद्रालाच फोन करून जवळचा गट विचारा. गडचिरोली जिल्ह्यात असाल तर मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या कार्यक्रमाच्या लोकांना विचारा, ते गावोगावी फिरतात आणि क्लिनिकही घेतात.

बरेच जण दोन्ही करतात, आधी केंद्र, बाहेर आल्यावर मीटिंग. केंद्रातून सुटलो म्हणजे सुटलो असं समजणारे तेरड्याच्या रंगासारखे तीन दिवस टिकतात.

३. पत्ता कुठे मिळतो

एए इंडियाची वेबसाइट आहे, त्यावर ग्रुपची माहिती असते. भारताचं मुख्य ऑफिस मुंबईत भायखळ्याला आहे, तिथे फोन करून तुमचं शहर सांगितलं की त्या भागातल्या माणसाचा नंबर देतात. मोठ्या शहरात इंटरग्रुप नावाची व्यवस्था असते, सगळ्या ग्रुपांची एकत्र माहिती त्यांच्याकडे असते. ते जमत नसेल तर १४४४६, सामाजिक न्याय खात्याची टोल फ्री व्यसनमुक्ती हेल्पलाइन. रात्री-बेरात्री डोकं फिरायला लागलं, मरावंसं वाटायला लागलं तर टेली मानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

ऑनलाइन जायच्या आधी अजून एक सोपा मार्ग, सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीतल्या समाजसेवकाला विचारा. त्या टेबलावर बऱ्याचदा एए चं पत्रक पडलेलं असतं, किंवा एखाद्या मेंबरचा नंबर भिंतीवर चिकटवलेला असतो.

गुगल मॅपवरच्या पिनवर विश्वास ठेवू नका. ग्रुपला स्वतःची जागा नसते, पालिकेच्या शाळेतला वर्ग, चर्चचा हॉल, एखाद्या दवाखान्याची वरची खोली असं काहीतरी भाड्याने किंवा मेहरबानीवर मिळालेलं असतं आणि ते बदलत राहतं. शाळेत परीक्षा लागली, मतदान केंद्र लागलं, गणपतीत हॉल मंडळाला दिला, की त्या दिवशी मीटिंग दुसरीकडे.

४. फोन करा, आणि असा करा

हीच खरी पायरी. लोक नंबर सेव्ह करतात आणि महिनोन्महिने बघत बसतात. एए चा फोन उचलणारा कॉल सेंटरवाला नसतो, तो स्वतः पिऊन गटारात पडून आलेला माणूस असतो, तुम्ही त्याला धक्का बसेल असं काही सांगूच शकत नाही.

नाव सांगायची गरज नाही, खोटं सांगितलं तरी चालतं. सुरुवात सुचत नसेल तर एवढंच बोला, "मला दारूचा प्रॉब्लेम आहे, मीटिंगला यायचंय, पहिल्यांदाच येतोय." बाकी तोच बोलेल. मग हे विचारून घ्या:

- आज किंवा उद्या जवळ कुठे मीटिंग आहे, किती वाजता, आणि या आठवड्यात जागा बदललेली नाही ना
- मराठीत चालते का (मुंबई-ठाण्याकडे हिंदी, इंग्रजी, तमिळ, मल्याळम असे वेगवेगळे ग्रुप असतात, चुकीच्या भाषेच्या खोलीत बसून दीड तास काढण्यात अर्थ नाही)
- ओपन आहे की क्लोज्ड. ओपनला बायको, भाऊ, कुणीही सोबत येऊ शकतं. क्लोज्डला फक्त ज्याला स्वतःला दारूचा प्रॉब्लेम आहे तोच.
- कुठल्या गेटने यायचं, कितव्या मजल्यावर

आणि शेवटचा सगळ्यात कामाचा प्रश्न, "दादा, मला कुणी स्टेशनवर किंवा गेटवर भेटेल का?" हे विचारायला लाजू नका. नव्या माणसाला घ्यायला जाणं हे आमच्याकडे ओझं समजत नाहीत, जुना मेंबर त्यासाठी कामावरून लवकर निघतो, कारण त्यामुळे त्याची स्वतःची दारू लांब राहते. कधी कधी दोघं मिळून घरी येऊनही भेटतात. मात्र पिणाऱ्याने स्वतः होकार दिला पाहिजे, बायकोने परस्पर बोलावलं आणि हा आत लुंगी गुंडाळून शिव्या देतोय, अशा घरी जाऊन काही होत नाही.

बाईमाणूस असेल तर बाई मेंबरशीच बोलायचंय असं स्पष्ट सांगा. सगळीकडे महिलांचा वेगळा ग्रुप नाही, पण फोनवर बोलायला महिला मेंबर जोडून देतात, आणि काही महिला मीटिंग ऑनलाइन चालतात.

एक नंबर लागला नाही तर दुसरा लावा. फोन ठेवणारा माणूस नोकरीवाला असतो, दुपारी कंपनीत असेल, संध्याकाळी सातनंतर लावून बघा किंवा मेसेज टाका.

५. सोबत काय न्यायचं

मीटिंगला काही नाही. आधार नाही, फोटो नाही, फॉर्म नाही. वाटलं तर वही-पेन, नंबर लिहून घ्यायला. सुटे दहा-वीस रुपये, नसले तरी चालतं.

केंद्रात ॲडमिट व्हायचं असेल तर मात्र पिशवी भरा. स्वतःचं आणि सोबतच्या नातेवाईकाचं आधार, फोटो, आधीच्या उपचारांचे कागद, चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी, शुगर-बीपी असेल तर ते रिपोर्ट. प्रत्येक केंद्राची यादी थोडी वेगळी असते, त्यांनाच फोनवर विचारून घ्या. नोकरीत असाल तर रजेसाठी सर्टिफिकेट मिळतं का तेही आधीच विचारा, नंतर एचआर समोर तारांबळ होते.

६. आत काय होतं

नवीन माणसाची खरी भीती ही असते. आत गेल्यावर भाषण देणार, रडवणार, उठाबशा काढायला लावणार, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणार. असलं काही नसतं. शपथा आपण घरी पुष्कळ घेतलेल्या असतात, माळसुद्धा घातलेली असते काहींनी.

शाळेतला वर्ग असेल तर पोरांच्या छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली दिसतील, फळ्यावर दुपारचा सुविचार आणि पट तसाच, आणि त्याच्यावरच कुणीतरी बारा पायऱ्यांचा (दारूपासून लांब राहायचा एए चा कार्यक्रम) कापडी बॅनर अडकवत असेल. चहा असतो बहुतेक ठिकाणी. मीटिंग तास-दीड तास चालते. एक जण समोर टेबलाशी बसतो, तो त्या दिवसाचा चेअरपर्सन, साहेब वगैरे नाही, पुढच्या आठवड्यात दुसरा बसेल. सुरुवातीला थोडं मौन, मग एए म्हणजे काय ते वाचून दाखवतात, मग शेअरिंग. एकेक जण उठतो, "मी अमुक, अल्कोहोलिक" म्हणतो, आपलं काय झालं, आता कसं चाललंय ते सांगतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. शेवटी सगळे मिळून प्रार्थना.

तुम्हाला बोलायची सक्ती नाही. "आज फक्त ऐकतो" म्हणालात की विषय संपला. पण कान देऊन ऐका, आणि ऐकताना त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय ते मोजू नका. हा देशी प्यायचा मी तर स्कॉच, याची नोकरी गेली माझी आहे, असं करत गेलं की तुम्ही पिणारे नाहीच असं सिद्ध करून घरी जाल, वाटेत एक क्वार्टर घेऊन.

मध्ये एक पिशवी फिरते, तिला सातवी परंपरा म्हणतात, हॉलचं भाडं आणि चहा त्यातून निघतो. एए बाहेरच्याकडून देणगी घेत नाही. पहिल्या दिवशी पिशवी पुढे सरकवली तरी कुणी बघत नाही.

एखाद्या दिवशी केक कापताना दिसेल. मेंबरचा सोबर बर्थडे, दारू सोडल्याला एक वर्ष, पाच वर्षं झाल्याचा. केक भरवायला बऱ्याचदा बायको-मुलं येतात. नवीन माणसाने असली मीटिंग जरूर बघावी, माझ्या मते कुठल्याही पत्रकापेक्षा ती जास्त काम करते.

पिऊन गेलं तर चालतं का, हा प्रश्न दर वेळी येतो. शक्यतो न पिता या. पण प्यायल्याशिवाय पाऊल उचलतच नसेल तर तसेच या, मागे शांत बसा, गाडी चालवत येऊ नका. हाकलत नाहीत. गोंधळ घातला तर मात्र दोघं जण बाहेर नेऊन चहा पाजतील.

७. इथे सावध राहा

गुपचूप चहात-भाजीत टाकायची पावडर. कुरिअरने येते, कुणी आयुर्वेदिक म्हणून विकतं, कुणी बाबाचा प्रसाद म्हणून. आत काय आहे कुणाला माहिती नसतं. त्यात डिसल्फिरमसारखं औषध असेल आणि वर माणूस प्यायला तर बीपी पडणं, छाती धडधडणं, जिवावर बेतणं, सगळं होऊ शकतं. हे औषध डॉक्टर देतात ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून. न सांगता कधीही नाही.

फ्री हेल्पलाइन म्हणणारे एजंट. पाच मिनिटं गोड बोलतात, मग पत्ता विचारतात, मग गाडी पाठवू का. केंद्र निवडायचं तर आधी स्वतः जाऊन बघा, रजिस्ट्रेशन दाखवा म्हणा, मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात, घरच्यांना भेटू देतात का, मारहाण करतात का ते तिथून बाहेर पडलेल्याला विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या गैरवापरातून आलेले आजारही धरलेत, पेशंटला हक्क आहेत, चार पैलवान आणून उचलून न्यायचं म्हणजे उपचार नव्हे.

पैसे. मीटिंगला प्रवेश फी मागितली तर ती एए नाही. मेंबरांशी उसनवारी करू नका, ना देऊ ना घेऊ. दारू सुटते पण उसन्या पैशावरून माणूस मीटिंगला यायचा बंद होतो.

धर्म. मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये असली की घरी कुजबुज सुरू, धर्म बदलायला लावतील म्हणून. चर्चवाले जागा देतात एवढंच, तिथे बसलेल्यात वारकरी असतात, नमाजी असतात, नास्तिक असतात. प्रार्थनेत देव हा शब्द येतो हे खरं, पण तुम्ही ज्याला मानता तो, काही मानत नसाल तर तो ग्रुपच. हे अजिबातच पचत नसेल तर स्मार्ट रिकव्हरी नावाचा देव-बीव नसलेला कार्यक्रम ऑनलाइन मिळतो.

ओळखीचा भेटेल ही भीती. भेटू शकतो. तोही त्याच कामाला आलेला असतो, बाहेर तो बोलणार नाही, तुम्हीही बोलायचं नाही. आत ऐकलेलं आतच. मीटिंगचा फोटो स्टेटसला टाकू नका, कौतुकाने सुद्धा.

स्पॉन्सर. म्हणजे तुम्हाला पायऱ्यांमधून नेणारा जुना मेंबर. घाई करू नका, महिनाभर ऐकून ज्याचं बोलणं पटतं त्याला विचारा. पुरुषाने पुरुष, बाईने बाई. नव्या बाईशी कुणी जास्तच मदतीच्या नावाखाली जवळीक करायला लागला तर ग्रुपमधल्या जुन्या महिला मेंबरला लगेच सांगा आणि मीटिंग बदला, गप्प बसून दारूकडे परत जाऊ नका.

८. पहिल्या मीटिंगवर निकाल देऊ नका

ग्रुप ग्रुप वेगळा असतो. एखाद्यात सगळे रिटायर्ड, एखाद्यात रिक्षावाले-भाजीवाले जास्त, एखाद्यात एकच माणूस चाळीस मिनिटं बोलतो आणि कुणी थांबवत नाही (असतो तसला एकेक). दोन-तीन वेगवेगळे ग्रुप बघा, मग एक आपला ठरवा. सुरुवातीला जमेल तितक्या रोज जा, नवीन माणसाला जुने लोक नव्वद दिवसात नव्वद मीटिंग सांगतात. मुंबई-पुण्यात हे जमतं, लहान गावात नाही जमत, तिथे उरलेले दिवस ऑनलाइन भरा. मीटिंग संपल्या संपल्या पळू नका, बाहेरच्या टपरीवर दहा मिनिटं थांबा, नंबर घ्या. खरं बोलणं तिथे होतं.

मध्ये प्यायलात तर? परत या. त्याला स्लिप म्हणतात, तिथल्या बऱ्याच जणांनी ती खाल्लीय.

९. घरच्यांनी काय करायचं

त्याला ओढून नेता येत नसेल तर तुम्ही स्वतः जा. अल-ॲनॉन म्हणून पिणाऱ्याच्या घरच्यांचा ग्रुप असतो, टीनएजर मुलांसाठी अलाटीन. मुक्तांगणचा बायकांसाठी सहचरी गट आहे. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवायची ते शिकवत नाहीत, त्याच्या दारूमुळे तुमचं डोकं जे फिरलंय ते जागेवर आणतात. बाटल्या लपवणं, ओतून टाकणं, साहेबाला फोन करून ताप आलाय सांगणं, हे थांबवायला तिथे बळ मिळतं. मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगची वाट बघू नका, ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१.

१०. गावात ग्रुपच नाही, किंवा परदेशात आहात

तालुक्याला नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी बघा, आठवड्यातून एकदा एसटीने जा, मधले दिवस झूमवर. लॉकडाऊनपासून ऑनलाइन मीटिंग भरपूर झाल्यात, मराठी-हिंदीतल्याही. कॅमेरा बंद ठेवता येतो, नाव बदलता येतं, घरात आवाज जात असेल तर हेडफोन. अमेरिका-कॅनडात असाल तर एए चं मीटिंग गाईड नावाचं ॲप टाका, तुम्ही आहात तिथून जवळची मीटिंग आणि वेळ दाखवतं. इंग्रजीत मन मोकळं होत नसेल तर वेळेचं गणित करून इकडच्या मराठी मीटिंगला लॉगिन करा, इकडे संध्याकाळ तेव्हा तिकडे सकाळ.

दोन-चार मेंबर मिळाले की गावात नवीन ग्रुप सुरू करता येतो, एक खोली आणि ठरलेला वार एवढंच लागतं, बाकी साहित्य मराठीत भायखळ्याहून मागवता येतं.

आणि कॅलेंडर बघून ठेवा. गटारी, एकतीस डिसेंबर, होळी, मित्राची हळद, ऑफिसची पार्टी, या दिवशी संध्याकाळची मीटिंग कुठे आहे ते दोन दिवस आधीच विचारून ठेवा. एकतीसला रात्री उशिरापर्यंत काही ग्रुप खास मीटिंग ठेवतात, जेवणासकट. हळदीला जाणं टाळता येत नसेल तर आधी मीटिंग, मग तिकडे जेवणाच्या वेळेला हजेरी, आणि ग्रुपमधल्या एकाला सांगून ठेवा की साडेनऊला मला फोन कर. फोन आला की बाहेर यायला कारण मिळतं, तसेच चप्पल घालून घरी निघायचं.